हेल्मेटं मोजणाऱ्या काकू

अंदाजाशिवाय जगणारं माणूस या पृथ्वीवर एकच आहे आणि ते पुण्यात सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतं. मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून दोन वर्षं काढली आहेत, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. बाकी आपण सगळे 'साधारण', 'जवळपास', 'असेल काहीतरी' यांच्या आधारानं दिवस ढकलत असतो. आमच्या घरमालकीणबाईंकडे हे शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून यावे लागत. कामाच्या मावशी "आज जरा उशीर झाला" म्हणाल्या की आतून आवाज येई, "जरा म्हणजे किती?" भाजीवाला "आत्ताच आलीये हो मेथी" म्हणाला की, "आत्ता म्हणजे किती वाजता?" एकदा त्यांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी "रोज थोडं चालत जा" असं सांगितलं, तर काकू खुर्चीवरून हलेनात. थोडं म्हणजे किती पावलं ते लिहून द्या, म्हणाल्या. बाहेर पेशंटची रांग बघून डॉक्टरांनी घाईघाईनं 'चार हजार' लिहून दिलं. तेव्हापासून काकू रोज सकाळी चार हजार पावलं चालतात. घर दहा पावलं अलीकडे आलं, तर उरलेली दहा गॅलरीत टाकतात आणि मगच चपला काढतात.

याला कारण त्यांची नोकरी. सरकारचं आकडे गोळा करणारं एक खातं असतं, त्यात त्या चौतीस वर्षं होत्या. हातात फॉर्मची चळत घेऊन दारोदार जायचं आणि घरात माणसं किती, जनावरं किती, सायकल आहे का, हे विचारून लिहून आणायचं. "दार वाजवायचं, विचारायचं, सांगतील ते लिहायचं. मधे आपली अक्कल घालायची नाही," हे त्यांचं ब्रीदवाक्य. लोक सांगताना हात राखून सांगतात, हेही त्यांना तिथंच कळलं. मांजरी गावात एका शेतकऱ्यानं त्यांना दारातच सांगितलं होतं, "ऊस हाय की." किती? "हाय भरपूर." भरपूर म्हणजे किती? "भरपूर म्हंजी लई, बाई." काकूंनी त्यांच्या अंगणात बसून चहा घेतला, पाणी घेतलं, पुन्हा चहा घेतला. शेवटी आतून शेतकऱ्याची बायकोच बाहेर आली आणि म्हणाली, "अवो, दोन एकर हाय, सांगा की तेस्नी, न्हाईतर ही बाई मुक्कामाला ऱ्हाईल." ही गोष्ट काकू एखाद्या लढाईसारखी सांगत. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. (बरीच म्हणजे अकरा. हे वाचलं तर विचारतील.) मूलबाळ नव्हतं. एका खोलीत आम्ही दोघी मुली ठेवलेल्या.

आमची नावं त्या घेत नसत. नावं सारखीसारखी येतात, गाव बदलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडे आजवर पाच पूजा राहून गेल्या होत्या. त्यामुळे हिंजवडीला आयटीत कामाला जाणारी माझी रूममेट 'लातूर' होती आणि मी 'वाशीम'. "वाशीम, गिझर बंद केलास का?" "लातूर, तुझा डबा विसरलीस." पुण्यातल्या घरात पाट्या असतात असं आम्हाला गावाकडे सांगून पाठवलं होतं, पण काकूंच्या दारावर एकही पाटी नव्हती. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "खालच्या जिन्यात 'चपला इथे काढू नयेत' असं लिहिलंय ना, तिथं मी एक दुपार बसले होते. एक्केचाळीस माणसं गेली. वाचली तिघांनी. त्यातल्या दोघांनी तिथंच चपला काढल्या."

अशा घरात मी मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या इंटर्नशिपची तयारी करत होते, हा काही चांगला योग नव्हता.

आमच्या कॉलेजात त्या वर्षी पहिल्यांदाच एक मोठी कन्सल्टिंग कंपनी येणार होती. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी आमच्यातला एकच जण ती घेणार होती आणि मुलाखतीला आम्ही चौघं निवडले गेलो होतो. बाकीचे तिघं लहानपणापासून इंग्रजीत भांडत आलेले. मी वाशीमच्या मराठी शाळेतून आलेली. बाबा तिथंच शिक्षक आहेत आणि मी मुलाखतीपर्यंत पोचले हेच त्यांनी शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सरावासाठी सिनियर मुलं आमच्या खोट्या मुलाखती घेत. तिथं मला दर वेळी एकच शेरा मिळायचा, "आकडे बरोबर येतात तुझे, पण सांगतेस माफी मागितल्यासारखी." हे खरं होतं. कारण ते आकडे मलाच पटत नसत. या मुलाखतींत अंदाजाचे प्रश्न विचारतात. शहरात अमुक किती, देशात तमुक किती. आपण लोकसंख्या धरायची, तिचे टक्के धरायचे, त्यांचे आणखी टक्के धरायचे आणि शेवटी येईल तो आकडा न लाजता सांगायचा. मला नेमकी तिथंच लाज वाटे.

एका संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बुधवार पेठेतून आणलेलं जुनं तयारीचं पुस्तक उघडून बसले होते. काकू वाटाणे सोलत होत्या. "कसली परीक्षा आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, परीक्षा नाही, मुलाखत. दुसऱ्याच्या कंपनीत जाऊन तिचं काय चुकतंय ते सांगायचं काम असतं. काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे तर पुण्यात लोक आपणहून सांगतात. आणि प्रश्न काय आहे?" प्रश्न असा होता की पुण्यात वर्षाला हेल्मेटं किती विकली जातात. मी वाचून दाखवू लागले. दुचाक्या इतक्या लाख धरू, त्यातले साठ टक्के लोक हेल्मेट वापरतात असं धरू...

"थांब," काकू म्हणाल्या. "साठ टक्के? पुण्यात?"

"गृहीत धरायचं असतं, काकू."

"कोणाला विचारून? चल, चपला घाल."

कोपऱ्यावरच्या सिग्नलला आम्ही दोघी जाऊन उभ्या राहिलो. काकूंनी कपाटातली लांब वही आणली होती, तिच्यात रकाने आखले होते आणि पेन दोरीनं गळ्यात अडकवलं होतं. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग लोकांचं आमच्याकडे लक्ष गेलं. पांढऱ्या केसांची बाई गंभीर चेहऱ्यानं एकेका गाडीकडे बघून वहीत काहीतरी लिहितेय म्हटल्यावर सिग्नलवर एकदम धांदल उडाली. कोणी आरशावरचं हेल्मेट ओढून डोक्यात घातलं, कोणी डिकी उघडली, एका काकांनी तर गाडी वळवून घराकडेच नेली. पलीकडून ट्रॅफिक पोलीस आला आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, कुठल्या ऑफिसकडून?" काकू म्हणाल्या, "घरून." त्याचं समाधान झालं नाही, पण तो सॅल्यूट करून गेला. काकूंनी वही मिटली. "हा आकडा खोटा आहे. आपल्याला बघून घालतायत. सगळं खोडायचं."

मग आम्ही समोरच्या रसवंतीच्या बाकावर जाऊन बसलो, दोन ग्लास रस घेतला, आणि काकूंनी मला पेपरच्या कडेला रेघोट्या मारायला लावल्या. पेपर वाचतोय असं दाखवायचं. शंभर गाड्या मोजल्या. चौतीस जणांचं हेल्मेट डोक्यावर होतं. एकोणीस जणांचं कोपरात. बावीस आरशाला किंवा पायाशी हुकाला लटकलेली. सहा मागे बसलेल्या बायकांच्या मांडीवर, पूजेचं ताट धरावं तशी त्यांनी धरलेली. एकोणीस जणांकडे नव्हतंच. काकूंनी बेरीज केली आणि रसाचा शेवटचा घोट घेतला. "घातलंय चौतिसांनी, घेतलंय एक्याऐंशींनी. तुझा प्रश्न विकलं किती हा आहे ना? मग डोक्याकडे कशाला बघत होतीस?"  पुस्तकातल्या उत्तरातही हे नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी मला हातात घेतलं. संध्याकाळी सहाला मुलाखत. मी दाराबाहेर जायचं, दार लावून घ्यायचं, बेल वाजवायची. काकू दार उघडत आणि वर्षभर ज्या मुलीला आमटी वाढली तिला विचारत, "आपण कोण?" मुलाखत सुरू असेपर्यंत मी 'आपण'. "आपलं शिक्षण?" "आपण बसावं." आणि शेवटचं उत्तर दिलं की त्याच दमात, "झालं, ऊठ, ताटं घे." समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी एकदा लातूरला बाजूला घेऊन विचारलं होतं, की रोज सहाला ही मुलगी स्वतःच्याच घराची बेल का वाजवते, काही भांडण झालंय का?

काकू ज्या कंपनीच्या मालकीणबाई होत, ती कंपनी वाचवणं अवघड असे. पुस्तकात असं असतं की उमेदवारानं माहिती मागायची आणि समोरच्यानं कागद पुढे करायचा. मी म्हटलं, "मला गेल्या तीन वर्षांच्या विक्रीचे आकडे मिळतील का?" काकू म्हणाल्या, "नाही. तुम्ही कोण? मी का सांगू?" मी म्हटलं, काकू, पुस्तकात देतात. "पुस्तकात देत असतील. दारात उभं राहून पहिल्याच वाक्यात आकडा मागितला तर लोक अंगावर कुत्रं सोडतात. आधी पाणी मागायचं. पाणी दिलं की माणूस बोलतं." त्यांचा दुसरा नियम होता की दारातल्या माणसानं सांगितलेलं अर्धंच धरायचं, उरलेलं आतून कोणीतरी सांगतं, तोवर थांबायचं. नफा का घटला हे विचारलं की बिस्किटांच्या कंपनीच्या मालकीणबाई झालेल्या काकू आधी पाच मिनिटं सुनेबद्दल बोलत. मी वैतागून मध्येच तोडलं की नापास. पुढं ऐकत राहिलं, तर सुनेच्या गोष्टीतूनच नवा कारखाना कोणाच्या हट्टापायी काढला ते बाहेर येई.

एकदा माझा एक वर्गमित्र सरावाला आला होता. त्या चौघांतलाच एक. लोणी काळभोरला घरची शेती आणि आता बांधकामाचा धंदा, पण पोरगा बोलायला लागला की कंपनीच्या माहितीपत्रकासारखा. काकूंनी तोट्यात चाललेल्या एका दुकानाचा प्रश्न घातला. तो म्हणाला, "थँक्स फॉर द क्वेश्चन. मला थॉट्स स्ट्रक्चर करायला एक मिनिट मिळेल?" काकू "सावकाश" म्हणून उठल्या, आत गेल्या, कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुचलं?" तो बिचारा घामाघूम. "काकू, पुस्तकातल्या फोर सी फ्रेमवर्कनं जाऊ का?" "कुणाबरोबरही जा," काकू म्हणाल्या, "पण दुकानात कोण येतं ते आधी सांग." जाताना मात्र त्यांनी त्याला पोटभर भात खाऊ घातला आणि तो जिन्यातून मला म्हणाला, "डेंजर हाय तुमची बाई. कंपनीवाले परवडले."

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी आमच्या इमारतीत दुधाच्या पिशव्या किती येतात असा प्रश्न निघाला. मी सोळा घरं गुणिले दोन असं म्हणाले मात्र, काकूंनी मला दारोदार पाठवलं. त्यांच्यासारखंच वागायचं, असं बजावून. मी आमचं धरून सोळा दारं वाजवली, सोळा वेळा पाणी मागितलं. पोट डबडबलं. दुधाचा प्रश्न दोन मिनिटांचा होता, पण काही घरांतून सुटायला वेळ लागला. तळमजल्यावर एक निवृत्त प्रोफेसर आजोबा होते, त्यांनी मला अर्धा लीटर का घेतात, पूर्वी किती घेत, तेव्हा घरात कोण कोण होतं, हे सगळं सांगितलं. चाळीस मिनिटांनी मी उठले तर दारापर्यंत आले. "दही किती लागतं ते विचारलं नाहीस," म्हणाले. "ते विचारायला परत ये." वर येऊन मी बावीस पिशव्या सांगितल्या. काकूंनी पहिल्यांदाच माझा आकडा तपासला नाही. मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

मुलाखत घ्यायला दोघं आले होते. बोलत होत्या त्या चाळिशीच्या आतल्या बाई, आधीच्या तिघांकडून तेच तेच ऐकून कंटाळलेल्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं, इथं मराठीतच सांगते. मी बसले आणि काकूंच्या सवयीनं आधी पाणी मागितलं. त्यांनी मला दिलं आणि मग स्वतःही घेतलं. बहुतेक सकाळपासून घेतलं नव्हतं. मग प्रश्न आला. एका कंपनीला पुण्यात एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांसाठी सोबतीची सेवा सुरू करायची आहे. महिन्याची वर्गणी घेऊन रोज कोणीतरी घरी येईल, गप्पा मारेल, औषधं बघेल. तर असे ग्राहक किती मिळतील?

मी कागद ओढला. लोकसंख्या लिहिली, साठीच्या वरचे टक्के लिहिले, आणि 'एकटे राहणारे' असं लिहून रेघ मारली. पुढं टक्के धरायचे होते. माझा हात तिथंच थांबला. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मी राहते त्या इमारतीत सोळा घरं आहेत. गेल्या रविवारी मी सगळीकडे जाऊन आले. पाच घरांत एकच वयस्कर माणूस राहतं. पण यातलं कोणीही तुमचं गिऱ्हाईक होणार नाही."

"का?"

"कारण सेवा घ्यायची तर आधी 'मी एकटा आहे' असं म्हणावं लागेल. ते कोणी म्हणत नाही. ते म्हणतात, मुलगा रोज फोन करतो. ते म्हणतात, दह्याचं विचारायला परत ये. मी ज्यांच्याकडे राहते त्यांना भाड्याची गरज नाही. पेन्शन आहे. तरी त्या आम्हाला ठेवतात, रोज सहाला माझी मुलाखत घेतात. तुमच्या कंपनीची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीशी नाही, माझ्याशी आहे. सोबत विकायची असेल तर सोबत हे नाव काढून टाका. त्या लोकांकडून काहीतरी मागा. त्यांना काहीतरी विचारा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. पण त्या पुढं झुकून विचारू लागल्या, कोण आहेत या तुमच्या काकू, आणि रोज सहाला काय? मी हेल्मेटांचं सांगितलं. दोघंही हसले. मी त्या दिवशी एकदाही माफी मागितल्यासारखी बोलले नाही, कारण जे सांगत होते ते सगळं मी पायानं चालून आणलेलं होतं.

दुपारी मेल आली. माझी निवड झाली होती. बाबांना फोन केला तर ऐकताच त्यांनी फोन आईकडे दिला. तशीच मी धावत घरी आले, आणि त्या दिवशीसुद्धा सवयीनं बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी "आपण कोण" विचारलं नाही. "झालं?" म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो पटकन काढूनही घेतला, आणि शिरा करायला आत गेल्या. रवा भाजता भाजता त्यांनी सगळं वदवून घेतलं. प्रश्न काय होता? सांगितला. उत्तर काय दिलंस? इथं मी जरा सावध झाले. आपल्या इमारतीचा दाखला दिला, म्हणाले, सोळा घरांत पाच घरांत एकच वयस्कर माणूस राहतं.

उलथनं थांबलं. "पाच? चार आहेत. तळमजल्यावरचे प्रोफेसर, त्यांच्या वरच्या जोशीबाई, टेरेसवाले नाना, आणि सात नंबरच्या कमलताई. पाचवं कुठलं?"

मी ओट्याच्या कडेवर बोट फिरवत उभी राहिले. काकूंना माणसांच्या गप्प बसण्याचा चौतीस वर्षांचा अनुभव होता. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे कढईत दूध घातलं, झाकण ठेवलं.

"चुकलीस," म्हणाल्या. "या घरात तिघी राहतात. एवढी चूक असून घेतलं कसं त्यांनी तुला?"

फोन माझ्या हातातच होता, मेल उघडी होती. कामाचं ठिकाण गुरुग्राम, असं खाली लिहिलेलं मी दुपारीच वाचलं होतं. "चुकलंच काकू," मी म्हटलं. "तिघी." आणि फोन उलटा ठेवून शिरा खाल्ला. 

गुरुग्रामचं मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, त्या पावलं चालून आल्यावर. काकू चपला काढत होत्या. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठच आठवडे. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. पान उलटलं, पुढचं पान उलटलं, ओठ हलवत राहिल्या.

"छप्पन्न दिवस," त्या म्हणाल्या.

फार नाहीत हो काकू, असं मी म्हणणार होते. पण फार म्हणजे किती, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.